पंख्याच्या पुढची खुर्ची

मी बँकेत नोकरी करते. भूत, करणी, नजर... असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आणि आजही आहे असं म्हणवत नाही. घडलं तेवढं सांगते. हसायचं तर खुशाल हसा.

बाबा खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीतून टर्नर म्हणून रिटायर झाले. आता जबलपूरलाच, गोरखपूर मोहल्ल्यात आम्ही दोघंच राहतो. वयाने त्यांचे कान पार गेलेत. कानाचं मशीन लावलं तरी नुसती घरघर, म्हणून ते कपाटात पडून आहे. बाबांशी बोलायचं म्हणजे मोबाईलवर टाइप करून दाखवायचं.

गेल्या हिवाळ्यात घमापूरच्या कबाड्याकडून, म्हणजे भंगारवाल्याकडून, त्यांनी विमानांचं एक जुनं पुस्तक आणलं. त्यात पहिल्या महायुद्धातलं एक फ्रेंच लढाऊ विमान होतं — एकावर एक पंख, दोघांची बसायची सोय. पण काय अक्कल! बंदूकवाल्याला बसवलेलं थेट नाकाच्या टोकावर, फिरत्या पंख्याच्याही पुढे, एका टोपलीत. पायलट पंख्याच्या मागे. दोघांना एकमेकांचा एक शब्दही ऐकू जायचा नाही. बाबांना नेमकं हेच आवडलं. लगेच लाकडाचं मॉडेल करायला घेतलं, अख्खं डायनिंग टेबल अडवून. पंख्याला जुन्या मिक्सरची मोटर.

टोपली बसवायला हात पात्यांच्या मधून घालावा लागे. म्हणून बाबांनी कामावरची शिस्त घरी आणली. स्विचपाशी उभं राहून ते विचारणार, "हात बाहेर?" मी पान्याने टेबलावर दोनदा ठोकायचं. त्यांचा तळवा टेबलावर असायचा, ठोके तळव्याला कळायचे. मगच मोटर.

त्या रविवारी दुपारी माझा उजवा हात कोपरापर्यंत आत होता आणि दातांत स्क्रू धरलेले. विमानाच्या पंखांआड मी बाबांना दिसत नव्हते. त्यांनी विचारलं. मी पान्याला हात लावला नाही... ठोकलं नाही की ते थांबतात. तेवढ्यात डाव्या कोपराचा धक्का लागून पाना टेबलावर आडवा झाला. ठक. आणि उसळून पुन्हा ठक.

मनगट तारेत अडकलेलं, हात निघेना. मी डोळे घट्ट मिटले.

मोटर सुरू झालीच नाही.

बाबांनी आधी प्लग उपटला, मग माझ्यापाशी आले. चेहरा पांढराफटक. म्हणाले, "बरं झालं ओरडली तू. बटणावर बोट होतं माझं." हात सोडवून मी टाइप केलं — काय ऐकलं?

"'बाबा, हात आत आहे' म्हणाली तू. साफ ऐकलं ना मी."

मी ओरडले नव्हते. स्क्रू तेव्हाही दातांतच होते. खालच्या भाडेकरू दीदींना विचारलं, त्यांनीही काही ऐकलं नव्हतं. कानाच्या डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, कान होते तसेच. भास म्हणावा, तर हात आत आहे हे त्यांना कळलं कसं?

बाबांना मात्र कसलंच नवल नाही. ते खूश आहेत. जेवताना मधेच म्हणतात, "काहून गप्प बसून राहिली? बोल ना. किती वर्षांनी ऐकला तुझा आवाज... काहीच बदलला नाही."

तो आवाज माझा नव्हता, असं मी मोबाईलवर टाइप करायला घेते. आणि पुसून टाकते.