लल्लनला वाढलेलं पान

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोला नाही, दादा होता तोवर दादाला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. आता पन्नाशी उलटली. आता सांगतो — पण एकदम जमणार नाही, जरा आडवळणानं येऊ द्या.

आधी लल्लन. आमचं घर काशीतलं, ब्रह्माघाटावरचं. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धकर्मं चालवणारं. अशा सोवळ्याच्या घरात कुत्रा? पण वहिनीनं आणला. गल्लीतल्या सांडानं उडवलेलं पिल्लू पदरात घालून आली आणि दादाला म्हणाली, हा ओट्यावर राहील, आत येणार नाही. तो आत आला नाही. तीच दिवसातून दहादा बाहेर जायची. नाव गल्लीनं ठेवलं. वहिनी त्याच्याशी मराठीत बोलायची, बाकी सगळे हिंदीत, आणि तो दोन्हीकडे सारखंच दुर्लक्ष करायचा.

तीन वर्षांचा झाला आणि त्याचं स्वादुपिंड बिघडलं. डॉक्टर म्हणाले, "घी-तेल की एक बूँद नहीं, जब तक जिए." पथ्य हेच औषध. दुखायला लागलं की तो छाती आणि पुढचे पाय जमिनीला टेकायचा आणि मागचा भाग वर धरून तसाच उभा राहायचा. नवख्याला वाटावं, नमस्कार घालतोय. आम्हाला ठाऊक होतं, तो कळवळतोय.

वहिनीनं काय केलं नाही त्याच्यासाठी? दिवसातून चार वेळा गुरगुट्या भात, मुगाचं पाणी, उकडलेला लाल भोपळा. लोणी पुरतं काढलेलं ताक. गोळी भोपळ्यात दडवायची, कारण भाताखालची गोळी तो नेमकी बाजूला ठेवायचा. दर महिन्याला कोपऱ्यावरच्या लालाच्या दुकानात, गव्हाची पोती तोलायच्या काट्यावर त्याचं वजन. कचौडीवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना तंबी — याला काही घालाल तर गाठ माझ्याशी. प्रत्येक वेळी त्याला हात लावला की पुन्हा आंघोळ, मगच स्वयंपाकघर, माघातल्या थंडीतसुद्धा. दादा म्हणायचा, "पुढच्या जन्मी मीच शेपूट घेऊन या ओट्यावर येतो, म्हणजे मला तरी वेळेवर भात मिळेल." वहिनी म्हणायची, "या की. पण पथ्य पाळावं लागेल."

मी दहा वर्षांचा असताना ती लग्न होऊन घरात आली. माझी आई तेव्हा नव्हती. मलाही तिनंच वाढवलं — हे सांगायला हवं, नाहीतर माझं वागणं तुम्हाला आहे त्याहून लहान वाटेल.

चौऱ्याण्णव-पंच्याण्णवचा सुमार. पितृपक्ष. ऐन गर्दीत दादा तापानं आडवा झाला आणि एक श्राद्ध माझ्या एकट्यावर आलं. मी तेविशीतला. यजमान खानदेशातले, पेन्शनीत निघालेले मास्तर, वडिलांच्या श्राद्धाला आलेले. माझ्या अडीचपट वयाचा तो माणूस मला गुरुजी म्हणाला. पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं. ते कानाला किती गोड लागलं म्हणून सांगू?

श्राद्धात गाईचा, कावळ्याचा, कुत्र्याचा घास वेगळा काढतात. गाय झाली, कावळा झाला. कुत्र्याचं पान मी गल्लीच्या वळणावर ठेवलं — खीर, वडे, वर तुपाची धार. पण त्या पंधरवड्यात काशीतली कुत्री उपाशी कुठली? एक आलं, हुंगून गेलं. दुसऱ्यानं मानही उचलली नाही. मास्तरांचा चेहरा उतरत चालला. वडिलांशी शेवटची चार वर्षं बोलत नव्हतो, असं ते सकाळीच मला म्हणाले होते. आता पानाकडे बघत हळूच म्हणाले, "गुरुजी, काही राहिलं का हो आपल्याकडून?"

मला त्यांची दया आली, असं लिहिलं तर शोभून दिसेल. खरं असं, की माझ्या हातचं पहिलं श्राद्ध फसलेलं मला नको होतं. वहिनी आत सोवळ्यात होती. मी ओट्याकडे पाहून हाक मारली — लल्लन.

तो आला. माझ्या हाकेला मात्र तो नेहमीच यायचा. पानापाशी थांबला, आणि — हे मला कधी विसरता आलं नाही — त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्याला कुणी असलं काही घातलंच नव्हतं. मी म्हणालो, "खा." त्यानं पान चाटून पुसून स्वच्छ केलं. मास्तर डोळे पुसत राहिले.

दुसऱ्या सकाळी मास्तर निरोप घ्यायला आले तेव्हा लल्लन दारात उभा होता. छाती जमिनीला टेकलेली, मागचे पाय ताठ, थरथरत. मास्तरांनी हात जोडले. "बघा गुरुजी, नमस्कार करतोय. तृप्त झाले वडील."

मी म्हणालो, "हो. झाले."

ते गल्लीचं वळण ओलांडेपर्यंत मी थांबलो. मग वहिनीला हाक मारली. ती धावत आली, तशीच खाली बसली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "यानं बाहेर काही खाल्लं का हो भाऊजी?"

"माझ्यासमोर तरी नाही."

किती जपून बोललो, पाहिलंत?

चार दिवस सलाईन चाललं. लल्लन वाचला. पण वहिनीनं कारण शोधून काढलं होतं: त्या दिवशीच्या घाईत तुपाचा डाव आपण त्याच्या भातात घातला असणार. आठवत काहीच नव्हतं तिला, पण दुसरं कारणच उरत नव्हतं. "माझाच हात चुकला," असं ती दादाला म्हणाली, डॉक्टरांना म्हणाली. मी तिथेच होतो.

त्यानंतर तिचा स्वतःच्या हातावर विश्वास राहिला नाही. रोज चारही वेळा वाडगा माझ्यापुढे धरायची. "तुम्ही बघा भाऊजी, तूप नाही ना लागलं कुठे?" मी वास घ्यायचो, बोट बुडवून बघायचो, नाही म्हणायचो. मग ती त्याच्यापुढे ठेवायची. दोन वर्षं! एवढ्या वेळा मला बोलता आलं असतं. त्या दोन वर्षांत मी लल्लनला फार जीव लावला. गोळ्याही मीच देऊ लागलो, लालाच्या काट्यावर मीच न्यायचो. तो काट्यावर बसला की माझ्या खांद्यावर हनुवटी टेकायचा. तो गेला तेव्हा वहिनी मला म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून एवढा तरी जगला."



गेल्या दिवाळीत पुतणी आली होती. तिच्या पुण्यातल्या कुत्रीला मूत्रपिंडाचं दुखणं आहे. महिनाभर परदेशी जायचंय, आई, तू येऊन राहशील का, तिचं खाणंपिणं तुझ्याइतकं कोण करणार, असं म्हणाली. वहिनी आता सत्तरीला आली. क्षणभर तिचा चेहरा उजळला, मला दिसला. मग तिनं हात पदराखाली घेतले.

"मी नको गं. माझा हात चुकतो."

मी समोरच चहा पीत बसलो होतो. कप खाली ठेवला आणि पुतणीला विचारलं, गाडी किती वाजताची आहे.

तिचा हात एकदाही चुकला नव्हता.