निकालाचा भाव

भाजीचा, साडीचा, म्हशीचा आणि जावयाचा भाव करणारी माणसं सोलापुरात गल्लोगल्ली सापडतील; पण दहावीच्या निकालाचा भाव करणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच झाला आणि तो आमच्या हायस्कूलच्या शाळा समितीचा अध्यक्ष होता. मी त्या समितीवर शिक्षकांचा प्रतिनिधी. म्हणजे सभेचा वृत्तान्त लिहायचा आणि चहा वेळेवर येतो की नाही ते पाहायचं, एवढंच माझं काम. त्यामुळे अध्यक्षांचे सगळे खेळ मला अगदी जवळून आणि फुकटात पाहायला मिळाले.

नव्या पेठेत त्यांचं कापडाचं दुकान आहे. सगळी पेठ त्यांना मालक म्हणते, म्हणून आम्हीही मालकच म्हणत असू. त्यांचे वडील मंद्रूपच्या आठवडी बाजारात जनावरांची दलाली करायचे. दिवसभर रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबायची, तोंडानं पावसापाण्याचं बोलायचं आणि संध्याकाळी बैलाचा सौदा झालेला असायचा. लहानपणी ते बघून बघून मालकांना घासाघिशीचा एवढा वीट आला, की स्वतःचं दुकान काढल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी ‘एकच भाव’ अशी पाटी लावली आणि मग ती एखाद्या व्रतासारखी पाळली. सख्ख्या बहिणीनं मुलीच्या लग्नाचा बस्ता त्यांच्याकडे बांधला, तेव्हा त्यांनी तिला वरचे सुटे पैसेसुद्धा सोडले नाहीत. बहीण रडकुंडीला आली, तरी हे पाटीकडे बोट दाखवून गप्प. लग्नात मात्र बस्त्याची सगळीच्या सगळी रक्कम पाकिटात घालून आहेर केला आणि वर म्हणाले, “दुकानात मी दुकानदार, मांडवात मामा.” बहीण पुन्हा रडली, म्हणे.

पण रक्तातली खोड पाटी लावून जाते थोडीच? दुकानात कोंडून ठेवलेली ती सगळी घासाघीस मालकांनी आमच्या शाळेत आणून मोकळी सोडली. त्यांचा मुलगा आणि सून नोकरीला पुण्यात, बसू नावाचा नातू इथं आजोबांकडे, आणि तो आमच्या शाळेत. पालक म्हणून मालक समितीवर आले आणि पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं असं रूप पाहून लोकांनी त्यांना अध्यक्षच करून टाकलं. दर जूनमध्ये समितीला वर्षाची उद्दिष्टं ठरवायची असतात: दहावीचा निकाल किती टक्के, हजेरी किती, वाचन किती. इतर शाळांत मुख्याध्यापक आकडे वाचतात, सभासद बिस्किटं संपवतात आणि आकडे मंजूर होतात. आमचे हेडसर मूळचे रत्नागिरीकडचे, सरळमार्गी गृहस्थ. त्यांनीही तसंच काहीसं होईल या भरवशावर पहिल्या वर्षी वाचून दाखवलं, “यंदाचं उद्दिष्ट पंच्याऐंशी टक्के.”

“लई कमी लावलं की, हेडसर,” मालक म्हणाले.

तिथून जे सुरू झालं ते बंद पडलं नाही. हेडसर सत्त्याऐंशीवर आले, मालक पंच्याण्णवावरून हलेनात. महिन्याला एका मुलानं एक अवांतर पुस्तक वाचावं, असं हेडसरांनी सुचवलं, तर मालक म्हणाले दोन करा. हेडसर नको म्हणाले, तर मालक म्हणाले, “बरं, तुमचं ऱ्हाऊ द्या, माझं ऱ्हाऊ द्या, दीड करा.” दीड पुस्तक कसं वाचायचं, असं हेडसरांनी विचारलं. “जाड असलं तर दीडच हुतंय की,” असं उत्तर आलं आणि मला वृत्तान्तात दीड लिहावं लागलं. अगदीच अडलं की मालक बाजाराची जुनी युक्ती काढायचे. “मग जमणार न्हाय,” म्हणून उठायचे, दारापर्यंत जायचे, एक चप्पल पायात घालायचे आणि दुसरी शोधत उभे राहायचे. याचा अर्थ, आता समोरच्यानं हाक मारायची असते. हेडसरांना हे ठाऊक नव्हतं. ते आपले पुढचा विषय घेऊन मोकळे झाले आणि मालक एका चपलेवर बराच वेळ उभे राहिले. शेवटी मीच, “मालक, बसा हो,” म्हणालो. ते तत्काळ येऊन बसले आणि म्हणाले, “बघा, तुम्हीच बोलावताय.”

एकदा तर त्यांनी भर सभेत खांद्यावरचं उपरणं काढून हेडसरांच्या हातावर टाकलं आणि खालून त्यांची बोटं दाबायला लागले. वडिलांची विद्या! पण रत्नागिरीच्या माणसाला मंद्रूपचा बाजार काय माहीत? हेडसरांना वाटलं मालकांना भोवळ येतेय. त्यांनी ओरडून पाणी मागवलं, पंखा वाढवला, टोपी काढून डोक्यावर हात फिरवला. मालक म्हणत होते, “अहो, त्र्याण्णव म्हणतोय मी, त्र्याण्णव!” आणि हेडसर म्हणत होते, “बोलू नका, पडून राहा.”

हे सगळं गमतीचंच होतं, बसू दहावीत जाईपर्यंत. त्या जूनमध्ये शेजारच्या शाळेनं चौकात ‘शंभर टक्के निकाल’ असा भला मोठा फ्लेक्स लावला आणि तो नेमका मालकांच्या दुकानाच्या वाटेवर. रोज जाता-येता तो वाचून मालकांची झोप उडाली. सभेत त्यांनी शंभरच्या खाली यायला साफ नकार दिला, दोनदा चप्पल घातली, आणि हेडसरांनी थकून शंभर लिहून घेतले. फ्लेक्सचा मालकांना तिटकारा, कापडवाल्याला असायचाच. त्यांनी दुकानातलं पांढरंशुभ्र मांजरपाट फाडून पेंटरकडून त्यावर ‘शंभर टक्के निकाल’ असं आधीच लिहून घेतलं. शाळा अजून नीट भरायची होती.

ऑगस्टात पहिल्या चाचणीचे गुण आले आणि हेडसरांनी सभा बोलावली. मालक खुशीत होते. सगळ्यांसाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन आले होते. हेडसरांनी दार लोटून घेतलं.

“शंभर ठरवलेत, तर वाटही ठरवायला हवी,” ते म्हणाले. “पाच मुलं अशी आहेत की ती पास होणं कठीण आहे. त्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावू.”

सतरा नंबर म्हणजे शाळेतून नाव काढायचं आणि बाहेरून परीक्षेला बसायचं. मूल नापास झालं तरी ते शाळेच्या निकालात धरलं जात नाही. कागदावर कुणाचं काही बिघडत नाही. फक्त वर्ग सुटतो, आणि अशा मुलांचा वर्ग सुटला की अभ्यासही सुटतो. हेडसर काही वाईट माणूस नव्हते. शंभराचा आकडा त्यांच्या गळ्यात मालकांनीच घासून घासून बांधला होता.

त्यांनी नावं सांगितली. तिसरं नाव पद्माताईंच्या मुलीचं होतं, आणि पद्माताई समितीच्या सभासद म्हणून समोरच बसल्या होत्या. घरी विड्या वळणारी बाई, घरात तेलुगू बोलणारी, सभेत सहसा बोलतच नसे. त्या दिवशी बोलली.

“रोज येते की शाळेला माझी पोरगी, सर. काय चुकलं तिचं? बाहेरून म्हणजे घरातच बसते ती. घरात बसली की मांडीवर विड्यांचं सूप येते. मग कुठला अभ्यास करते?”

मालक भाकरीचा तुकडा हातात धरून बसले होते.

“पाचच नावं, हेडसर?” त्यांनी विचारलं.

“पाचच.”

“आमच्या बसूला गणितात किती पडले?”

हेडसर पाणी प्यायले. “अध्यक्षसाहेब, बसूचं आपण बघून घेऊ. त्याला शिकवणी लावू.”

“किती पडले ते सांगा की.”

हेडसरांना सांगावंच लागलं. पद्माताईंच्या मुलीपेक्षा बसूला कमी होते.

“म्हंजे एकाच मालाला दोन भाव,” मालक हळूच म्हणाले. “हे माझ्या दुकानात चालत न्हाय.”

“मग बसूचंही नाव—” हेडसर चाचरले.

“ब्याड, ब्याड!” मालकांना राग आला की कन्नड येतं. नको, नको म्हणत ते उठूनच उभे राहिले. “कुणाचंच नाव काढायचं न्हाय. सहाच्या सहा पोरं हितनंच बसतील. आकडा कमी करा.”

‘कमी करा’ हे शब्द मालकांच्या तोंडून आम्ही आजवर ऐकले नव्हते. बहुधा त्यांच्या बहिणीनंही ऐकले नसतील. हेडसरांनी विचारलं, “किती कमी करायचा?” मालकांनी खांद्यावरचं उपरणं काढलं. या खेपेला हेडसरांनी आपण होऊन हात पुढे केला. उपरण्याखाली काय चाललंय ते आम्हाला दिसत नव्हतं. मालकांनी आधी तीन बोटं दाबली आणि मग सगळा पंजा, हे हेडसरांनी मला नंतर सांगितलं. उपरणं बाजूला झालं तेव्हा हेडसर म्हणाले, “लिहा. पस्तीस.”

“व्हय, पस्तीस,” मालक म्हणाले. “ह्या सहा पोरांना गणितात पस्तीस. शाळेचं मग काय व्हायचं ते हुईल.” मी लिहिलं. पद्माताईंनी डोळ्यांना पदर लावला आणि भाकरी खायला घेतली.

त्या वर्षी रोज सकाळी शाळेआधी सहा मुलांचा वर्ग भरायचा. मालक मागच्या बाकावर बसून असायचे. मुलानं दोन गणितं सोडवली की म्हणायचे, “लई कमी झाली की.”

निकालाच्या दिवशी सहातली पाच मुलं पास झाली. राहिला तो बसू. शाळेतला तो एकटाच नापास, त्यामुळे शंभर टक्के हुकले ते अध्यक्षांच्या नातवापायी. मालक तरीही पेढ्यांचा पुडा घेऊन आले. पहिला पेढा पद्माताईंच्या मुलीला दिला, दुसरा मला. “आमचंच कापड आखूड पडलं, सर,” म्हणून हसले. डोळे मात्र हसत नव्हते. मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला की मी तो पेढा न खाता रुमालात बांधून घरी नेला. बसू पुढे जुलैच्या परीक्षेत सुटला. तो शाळेतून गेला, तसं नियमाप्रमाणे मालकांचं अध्यक्षपदही गेलं.

आता आमची उद्दिष्टं चहा निवायच्या आत मंजूर होतात. सगळे म्हणतात सभा कशी शिस्तीत होते. मला करमत नाही.

परवा सदऱ्याचं कापड घ्यायला दुकानात गेलो. मालक गादीवर बसले होते, आणि गादीवर अंथरलं होतं तेच मांजरपाट. धुऊन धुऊन ‘शंभर टक्के’ फिकट झालेले. बसू एका बाईला पाटी दाखवत होता.

“यंदा किती लावलं, सर?” मालकांनी विचारलं.

“ब्याण्णव,” म्हणालो, आणि वाट पाहत राहिलो.

त्यांनी मांजरपाटाची सुरकुती हातानं सारखी केली. “समदी हितनंच बसणार न्हवं?”

“समदी.”

“मग भाव बरोबर हाय,” असं म्हणून त्यांनी माझं कापड मोजलं, घडी घातली आणि पैसे पुरते घेतले.

उंबऱ्याशी येऊन मी एक चप्पल पायात घातली आणि दुसरी शोधत उगीच थोडा वेळ उभा राहिलो. पण त्या दुकानात कुणाला परत बोलवायची पद्धत नाही.