फोन करून घेतलेला स्वॅब

हॉस्पिटलात त्याला सगळे मिलिमीटर म्हणत. हे नाव पडलं त्यालाही आता वीस वर्षं होऊन गेली. एक मोठे सर्जन स्वतः तळघरातल्या लॅबमध्ये उतरून आले होते. त्यांच्या पेशंटच्या रिपोर्टात एका औषधासमोर चौदाचा आकडा होता, आणि पंधरा असता तर ते औषध देता आलं असतं. "अहो, एका मिलिमीटरचा तर प्रश्न आहे," सर्जन म्हणाले, "डोळा जरा बारीक करून बघा." त्यावर हा म्हणाला, "डोळा बारीक केला तर तेरा दिसतील, साहेब." सर्जन पाय आपटत गेले आणि हा जन्माचा मिलिमीटर झाला.

काम म्हणाल तर साधं होतं. पेशंटचं रक्त, लघवी, कफ खाली यायचं. ते काचेच्या चपट्या प्लेटमध्ये सारवून उबदार कपाटात ठेवायचं. जंतू असले तर दुसऱ्या दिवशी त्यांचे ठिपके उगवायचे. मग ते जंतू नव्या प्लेटवर पसरून वर औषधात भिजवलेल्या कागदाच्या बारीक चकत्या मांडायच्या. औषध लागू पडत असलं तर चकतीभोवती स्वच्छ गोल रिकामा राहतो, नसलं तर जंतू थेट चकतीला येऊन भिडतात. ते गोल मिलिमीटर स्टीलच्या पट्टीने मोजायचा. तीस वर्षांपूर्वी गोल एवढे मोठे असायचे की एकमेकांत मिसळायचे. नंतर ते लहान होत गेले. वर कुणाला फारसं काही वाटलं नाही. ते रोज मोजणाऱ्याला मात्र वाटत होतं, आणि तो ते घरी जेवताना सांगायचा. बायको म्हणायची, निदान जेवताना तरी ते जंतू नकोत.

ऐकून घ्यायचा तो दादा. दादा त्याच्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठा, सगळी नोकरी सार्वजनिक बागेत माळीकाम करण्यात घालवलेला. पण दोघांचं एका शब्दावर कायम वाजायचं. "आज काही उगवलं नाही," असं हा खुशीत सांगायचा आणि दादाचा चेहरा पडायचा. "अरे, उगवलं नाही हे वाईट झालं ना?" "दादा, आमच्याकडे उगवलं की वाईट." "कसली रे नोकरी तुझी," दादा म्हणायचा, "काही उगवू नये म्हणून पाणी घालता." वहिनी आतून हसायची.

ही वहिनी म्हणजे मिलिमीटरची आईच. तो सात वर्षांचा असताना आई गेली, आणि त्याच वर्षी एकोणीस वर्षांची वहिनी घरात आली. तिने त्याचं डोकं विंचरलं, त्याला पाढे शिकवले, आणि धपाटेही घातले. धपाटे बहुतेक शिस्तीचे असायचे. पायपुसण्यावर पाय पुसले नाहीत म्हणून एक, मोठ्यांच्या मध्ये बोलला म्हणून एक, कुणाच्या घरी न सांगता जाऊन उभा राहिला म्हणून दोन. "लोकांची अवस्था काय असेल, कपडे वाळत असतील, भांडणं चालली असतील," ती म्हणायची. "आधी सांगावं. माणूस जरा आवरून बसतं." ती त्याला शेवटपर्यंत धाकट्याच म्हणाली.

दोन वर्षांपासून मिलिमीटरकडे दुसरं एक काम होतं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आयसीयूत जाऊन नळ, सिंक, खाटांचे कठडे, यंत्रांची बटणं यांवरून कापसाची ओली काडी फिरवून आणायची, म्हणजे स्वॅब घ्यायचे, आणि काही उगवतं का बघायचं. पहिल्यांदा तो तसाच गेला होता, तेव्हा आयसीयूच्या मुख्य सिस्टरने सगळ्यांसमोर त्याची खरडपट्टी काढली. "हे काय धर्मशाळेत आल्यासारखं? विचारून यायला काय झालं?" त्याला ते पटलं. वहिनीचाच हात पाठीत बसल्यासारखं वाटलं. तेव्हापासून तो सोमवारी सकाळी आठला फोन करायचा, "सिस्टर, दहाला येतोय, चालेल ना?" आणि दहाला जायचा. सिस्टर पुढे त्याला चहासुद्धा विचारायला लागल्या. दोन वर्षं आयसीयूच्या सिंकांमध्ये काहीही उगवलं नाही. तसे चोवीस रिपोर्ट त्याने सहीनिशी दिले, आणि त्या स्वच्छतेचं प्रमाणपत्र आयसीयूच्या दारावर फ्रेम करून लावलेलं होतं.

वहिनीच्या पोटात एकदम दुखायला लागलं तो गुरुवार होता. आतडं फुटलं होतं. ऑपरेशन थिएटरच्या दारात तिने मिलिमीटरला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "तुझ्या त्या जंतूंना सांगून ठेव, घरचंच माणूस आहे, जरा सांभाळून घ्या." ऑपरेशन नीट झालं. दोन-चार दिवस श्वासाच्या मशीनवर ठेवायचं आणि मग वॉर्डात न्यायचं, असं ठरलं. आयसीयूत तेव्हा दोन खाटा रिकाम्या होत्या. नऊ नंबरची कोपऱ्यात होती, चार नंबरची सिस्टरच्या टेबलासमोर. चारच्या उशाशीच सिंक होतं. मिलिमीटरने चार मागून घेतली. सिस्टरचं लक्ष राहील, आणि हात लावणारा प्रत्येक जण आधी तिथेच हात धुऊन मग वहिनीला हात लावेल. एवढा विचार त्याने स्वतःच्या लग्नातही केला नव्हता.

चौथ्या दिवशी वहिनीला ताप भरला. रक्त खाली आलं, आणि दुसऱ्या सकाळी प्लेटवर जाड, ओलसर, चकाकणारे ठिपके होते. मिलिमीटरने तारेची सळई टेकवून वर उचलली तर तार निघाली, पाकाची निघते तशी, बोटभर लांब. कोणता जंतू आहे हे त्याला तिथेच कळलं. त्याने चकत्या मांडल्या. पुढच्या सकाळी तो वेळेच्या तासभर आधी आला, आणि कपाट उघडायला त्याचा हात होईना.

गोल नव्हतेच. चौदाही चकत्यांपर्यंत जंतू सलग वाढलेले, हिरवळीत ठिकऱ्या मांडाव्यात तसे. गोल नसला तरी शून्य लिहीत नाहीत. चकतीचीच रुंदी सहा असते, म्हणून सहा लिहितात. मिलिमीटरने नियमाप्रमाणे पट्टी लावली आणि लिहिलं सहा. पुढच्या चकतीला सहा. मग परत सहा. आयुष्यात पहिल्यांदाच आपली पट्टी खोटी ठरावी असं त्याला मनापासून वाटत होतं. चौदा वेळा सहा लिहून झाल्यावर तो कागद घेऊन लॅबच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्यांनी तो दोनदा वाचला. एक शेवटचं औषध असतं, ते चकतीवर कळत नाही, नळ्यांमध्ये करून बघावं लागतं. ते लागू पडलं. पण त्याने मूत्रपिंडं जातात, आणि वहिनीची आधीच थकलेली होती. तरी तेच सुरू करावं लागलं.

"काय उगवलं?" बाहेर बाकावर बसलेल्या दादाने विचारलं.

"उगवलंय, दादा."



दुपारी भेटायच्या वेळेत मिलिमीटर वहिनीपाशी उभा होता. तिच्या तोंडात नळी, हात बांधलेले, डोळे अर्धे उघडे. तेवढ्यात साफसफाईच्या मावशी बादली घेऊन आल्या आणि त्याला बघून चपापल्या.

"अगं बाई! आज आहे का तुमचं? फोन नाही आला ते?"

"नाही, मावशी. पेशंटला भेटायला आलोय. माझी वहिनी आहे."

"हां, मग ठीक. मी म्हटलं, आता काय करायचं, सिंक तर तसंच आहे."

"तसंच म्हणजे?"

मावशी अभिमानाने सांगायला लागल्या. "अहो, सोमवारी तुमचा फोन आला की सिस्टर मला हाक मारतात. मग मी दोन्ही सिंकांच्या भोकांत औषधाची अख्खी बाटली ओतते. तुम्ही येईपर्यंत कुणाला हात धुऊ देत नाही. डॉक्टरांनासुद्धा नाही! तुमचा रिपोर्ट चांगला यायला नको का? दोन वर्षांत एकदा चुकले नाही मी."

त्यांच्या बोलण्यात कपट औषधालाही नव्हतं. पाहुणे यायचे म्हणून घर आवरावं, तसं त्या आयसीयू आवरत होत्या. मिलिमीटर त्यांच्याकडे बघतच राहिला. मावशींना रागवायला त्याला जागाच नव्हती. त्याने खिशातून स्वॅबची नळी काढली, ती त्याच्या खिशात कायम असायची, आणि तिथल्या तिथे काडी सिंकच्या भोकात खोल घातली. वर आली ती बुळबुळीत, करडी.

दोन दिवसांनी त्या काडीतूनही तीच तार निघाली. चकत्यांचे आकडे त्याने मांडले, सगळे सहा. त्याने दोन्ही प्लेट शेजारी शेजारी ठेवल्या आणि खुर्चीत बसला. मग उठून दोन वर्षांचे सगळे मागणीचे फॉर्म काढले. खाटेचा नंबर फॉर्मवर असतो, पण तो रजिस्टरात कुणी उतरवत नाही, त्यानेही कधी उतरवला नव्हता. हे चौदा सहा आधी नऊ जणांच्या रक्तात येऊन गेले होते. त्यातले सात जण तीन, चार आणि पाच नंबरच्या खाटांवरचे. प्रत्येक वेळी डॉक्टर म्हणाले होते, पेशंट बाहेरूनच घेऊन आला असणार, कारण आपल्या सिंकचे रिपोर्ट बघा. त्या रिपोर्टांवर सही याची होती.

त्या दिवशी वहिनीला नऊ नंबरवर हलवलं. लघवी थांबली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला ती गेली. दादा बाकावरून उठला, आत जाऊन आला आणि परत त्याच बाकावर बसला.

चार दिवसांनी मीटिंग झाली. मिलिमीटरने दोन्ही प्लेट आणि फॉर्म टेबलावर ठेवले. कुणी त्याला खोटं ठरवलं नाही, हेच जास्त वाईट. सिंकचं भोक भिंतीतल्या पाइपाला जाऊन मिळतं, तो पाइप पार थिएटरपर्यंत जातो, आणि सगळा पाइप आतून भरलेला असणार. भिंत फोडायची म्हणजे आयसीयू तीन आठवडे बंद. "आणि पेशंट ठेवू कुठे? तुमच्या लॅबमध्ये?" मुख्य डॉक्टरांनी विचारलं. ते ओरडत नव्हते, खरंच विचारत होते. जवळपास दुसरा आयसीयू नव्हता. शेवटी नळ बदलायचा ठरला. 'येथे फक्त हात धुवावेत' अशी पाटी लावायची ठरली. आणि गैरसमज टाळण्यासाठी स्वॅब यापुढे लेखी पूर्वसूचना देऊनच घ्यावेत, असाही ठराव झाला. डॉक्टरीणबाईंनी विरोध नोंदवला. तो नोंदवून घेण्यात आला.

मीटिंगहून परतताना त्याने आयसीयूत डोकावलं. चार नंबरवर एक नवीन बाई होती. तिची मुलगी नव्या चकचकीत नळाखाली हात चोळचोळून धूत होती. मिलिमीटरने तिला बाहेर बोलावलं आणि म्हणाला, "आईची खाट बदलून मागा." ती घाबरली. का, कशासाठी, असं विचारायला लागली. तिने सिस्टरना विचारलं, आणि सिस्टरनी सांगितलं की त्यांच्या घरात नुकताच मृत्यू झालाय, त्यांचं मनावर घेऊ नका. खाट काही बदलली नाही.

रविवारी तो दादाकडे गेला. दादा गॅलरीत कुंड्यांपुढे बसला होता. पण कुंड्यांना पाणी घातलेलं नव्हतं. दादाची मुलं आपापल्या गावी परत गेली होती आणि घरात दोघंच होते. मग दादा म्हणाला, "तू होतास म्हणून तिला चांगली जागा तरी मिळाली. समोर सिस्टर, शेजारी पाणी. दुसऱ्या कुणाला मिळाली असती का?"

हे मिलिमीटरला सोसलं नाही. त्याने सगळं सांगितलं. फोन, मावशी, बाटली, चोवीस रिपोर्ट, नऊ माणसं, आणि चार नंबर आपणच मागून घेतली ते. मोजून मापून सांगितलं, एकही गोष्ट लहान केली नाही.

दादा कुंडीतली माती बोटाने उकरत राहिला. "म्हणजे, तू फोन केला नसतास तर?"

"दोन वर्षांपूर्वीच सापडलं असतं."

"आणि ती नऊ नंबरवर असती तर?"

"सांगता येत नाही. पण बहुतेक घरी आली असती."

दादाने मान हलवली. "मुलांना सांगू नकोस."

"दादा, त्यांना कळायला पाहिजे."

"त्यांची आई गेली. आता काकाही घालवू का त्यांचा?" दादा म्हणाला. मग त्याचा आवाज फाटला. "मला तरी कशाला सांगितलंस रे? मी म्हटलं होतं, आपल्या माणसाच्या हाताखाली गेली. तेवढंच घेऊन बसलो होतो मी."

आणि तो रडायला लागला. वहिनी गेल्यापासून पहिल्यांदाच. मिलिमीटर उठून जवळ गेला आणि त्याने दादाच्या खांद्यावर हात ठेवला. दादाने खांदा काढून घेतला.