स्वखुशीचा कागद

ग्रामसभेत ग्रामसेवकानं घरकुलाची यादी वाचली. माझं नाव आलं अन् सरपंच हसला.

"ही? जेलातून आलेल्या बाईले सरकारी घर? उद्या चोर-डाकूही रांग लावतीन."

सारा मंडप हसला. माझी माय बाजूलेच होती. तिनं मान खाली घातली.

जेलात मी गेलती. खोटं नाही सांगत. नवरा मेल्यावर दिरानं माझ्या वाट्याचा धुरा, वावराचा बांध, नांगरून टाकला. भांडण झालं अन् मी त्याच्या डोक्यात विळा मारला. तो वाचला. मले तीन वर्षांची सजा झाली. पुरी भोगली. सुटून आली तं माझ्या घराले दिराचं कुलूप. मायच्या कुडाच्या खोपटात राह्यतो दोघी. त्याचीही एक भिंत बसली, तिथं ताडपत्री बांधली हाये.

ग्रामसेवकानं एक कागद माझ्यापुढं सरकवला. शाईची डबी उघडली.

"अंगठा लावा बाई. हजेरीचा हाये."

होतीच मी अंगठेबहाद्दर. पण जेलात एक मास्तरीण यायची. भाकऱ्या थापता थापता मी पिठात बोटानं अक्षरं काढायची. हे त्याले काय माहीत!

कागद उचलला. मोठ्यानं वाचला. अडखळत.

"मी... स्वखुशीनं... घरकुलाचा लाभ... नाकारत आहे."

कागद ग्रामसेवकापुढं धरला.

"साहेब, हे हजेरी हाये का?"

तो डबी बंद करू लागला.

"जेलात गेलेल्याले घर भेटत नाही, हा नियम कुठं हाये? दाखवा. नाही तं सहीनिशी लिहून द्या."

सरपंच उठला. "जेलात हेच शिकून आली काय?"

"हो. हेच शिकून आली."

माय पदर ओढून राह्यली होती, "बस वं, बस." नाही बसली मी.

नाव कापलंच त्यांनी. कळंबच्या पंचायत समितीत अर्ज दिला. साहेब दौऱ्यावर. मंग साहेब मीटिंगमंदी. बाबू मान वर न करता म्हणते, "तूच ना ते विळ्यावाली?"

"हो, मीच. अर्जाचं काय झालं?"

कोर्टानं तीन वर्षं देल्ली. हे लोक जन्मठेप देऊन राह्यले. ते मी भोगणार नाही. घर द्या, नाही तं कारण लिहून द्या. लेखी भेटलं का मी त्याच कोर्टात जाईन. ह्या बारीनं फिर्यादी म्हणून.