हात रोखणारा गिटारवाला

रिवाइंडरावांच्या घरी एखादं गाणं सरळ सुरू होऊन सरळ संपलं, असं मी एकदाही पाहिलं नाही. मुखडा झाला रे झाला की ते टेपचं बटण दाबणार, फीत मागे नेणार आणि सगळ्यांकडे बघून विचारणार, "आत्ता मागं गिटारवाल्यानं काय केलं, ऐकलं का कुणी?" कुणीच ऐकलेलं नसायचं. मग परत तेच. एवढंसं गाणं, पण ते पुरं व्हायला अख्खी सकाळ जायची. त्यांचं खरं नाव असेल पगाराच्या चिठ्ठीवर. वाळूजच्या कारखान्यात, शिफ्टच्या बसमध्ये आणि सिडकोतल्या आमच्या गल्लीत ते रिवाइंडरावच होते.

आम्ही दोघं एकाच कारखान्यात, तपासणी विभागात. शहर तेव्हा असं वाढत होतं की परवा जिथं ज्वारी पाहिली तिथं आज प्लॉटचे दगड रोवलेले. माणसं येतच होती आणि पाणी मात्र आटत चाललं होतं. लागोपाठचे दुष्काळ. टँकर केव्हा येईल याची चर्चा सोडली तर गल्लीत दुसरा विषय नसायचा. अपवाद रविवार सकाळचा. रिवाइंडरावांच्या बाहेरच्या खोलीत आमची बैठक बसायची आणि मग दुष्काळ गेला खड्ड्यात!

बैठकीत मी, शाळेत शिकवणारे माने सर आणि अधूनमधून कुणीतरी नवा बकरा. माने सर गायकांचे कट्टर भक्त. त्यांच्या मते गाणं म्हणजे गायक, बाकी सगळा वरातीचा बँड. हे ऐकलं की रिवाइंडराव असे उसळायचे की आतून वहिनी हळू बोला म्हणून ओरडायच्या. एकदा त्यांनी सरांना सुनावलं, "सर, गाणारा पुढं उभा राहतो म्हणून तुम्हाला मागचे दिसत नाय. जरा वाकून बघा की." सर खरंच वाकून टेपकडे बघायला लागले आणि आम्ही हसून हसून लोळलो.

आमच्यात पैज लागायची ती पाण्याची. जो हरेल त्यानं आपल्या वाटणीचा हंडा जिंकणाऱ्याच्या घरी नेऊन ओतायचा. त्या काळात यापेक्षा मोठी पैज नव्हती. एका रविवारी अंतऱ्याच्या मागे वाजतं ते गिटार की मेंडोलिन, यावर जुंपली. वहिनी भाजीला गेलेल्या. आम्ही आवाज पुरा वाढवून टेपला कान लावून बसलेलो. तेवढ्यात टँकर आला, हॉर्न वाजवून वाजवून थकला, अख्ख्या गल्लीनं पाणी भरलं आणि टँकर गेलासुद्धा. आम्हाला पत्ताच नाही! वहिनी परतल्या तर ड्रम ठणठणीत कोरडा. हंड्यासाठी भांडणाऱ्यांनी ड्रम घालवला म्हणून त्यांनी आमची अशी काही पूजा बांधली की विचारू नका. ती दुपार आम्ही पलीकडच्या वसाहतीतून सायकलवर हंडे वाहण्यात घालवली, आणि वाटभर मेंडोलिनचं भांडण चालूच होतं.

वहिनी कन्नड तालुक्यातल्या. घरी ब्लाउज शिवायच्या. आमच्या चर्चेत त्या कधी पडल्या नाहीत. आतल्या खोलीत मशीन चालायचं आणि रिवाइंडरावांनी एखादी खास जागा लावली की तेवढ्यापुरतं थांबायचं.

आणि खासातली खास जागा एकच होती. एका गाण्यात दुसरा अंतरा संपला की गिटार सुरू होतं, भरभर चढत जातं आणि ऐन रंगात एकदम गप्प! एका श्वासाएवढी शांतता. आपलं काळीज वर येतं, आणि मग तो गिटारवाला असा काही तारांवर उतरतो की अंगावर काटा. रिवाइंडराव खुर्चीतून उठायचे. "हात रोखला बघा त्यानं! वाजवायला सगळ्यांनाच येतं. थांबायला काळीज लागतं." नव्या माणसाला ते ही जागा देवाच्या प्रसादासारखी द्यायचे. आम्हीही त्या जागेवर जीव ओवाळून टाकत होतो, माने सरसुद्धा.

मग माने सरांनी सीडी प्लेयर घेतला. एका शनिवारी संध्याकाळी ते जरा घाबरतच आले आणि म्हणाले की सीडीत ती जागा नाही. रिवाइंडराव आधी हसले. सर गंभीर आहेत हे दिसल्यावर लालबुंद झाले. "हंडा नाय सर, पुरा ड्रम लावतो. आन् तिथं तो थांबा नसला तर परत कुणाला गिटारबद्दल एक शब्द सांगणार नाय." आम्हाला कळलं, आता प्रश्न पाण्याचा राहिला नव्हता. या माणसाचा कान खरा की खोटा, याचा होता.

रविवारी सरांनी सीडी प्लेयर टॉवेलात गुंडाळून आणला. गाणं लागलं. दुसरा अंतरा संपला, गिटार आलं, चढलं. आम्ही सगळ्यांनी श्वास धरला, आणि गिटार न थांबता सरळ पुढे निघून गेलं. रिवाइंडरावांनी परत लावायला सांगितलं. परत तेच. त्यांचा चेहरा पार उतरला. जिंकलेले माने सरच सारवासारव करायला लागले, की सीडीत वेगळं ध्वनिमुद्रण असेल म्हणून.

आतलं मशीन थांबलं. वहिनी दारात आल्या. "अहो, ते मी केलंय."

रिवाइंडराव शिफ्टला असताना शिवताना त्या कॅसेटी ऐकायच्या. ही कॅसेट नवी होती, रिवाइंडरावांनी पुरती ऐकलीही नव्हती, तेव्हाच टेपनं तिची फीत चावली. मग त्यांनी चुरगळलेला तुकडा कात्रीनं कापला, एका भजनाच्या कॅसेटच्या शेवटची कोरी फीत तेवढीच मापून घेतली आणि चिकटपट्टीनं जोडून टाकली. दुसऱ्या बाजूला तो तुकडा दोन गाण्यांच्या मध्ये पडला, म्हणून कुणाला कळलं नाही. "सांगणारच होते," वहिनी म्हणाल्या, "पण त्या संध्याकाळी तुम्ही ते ऐकलं आन् खुर्चीतून उठून नाचायला लागलात. मग माझं तोंडच उघडंना."

रिवाइंडराव असे हसले, असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. "सर, ड्रम तुमचा," ते म्हणाले. "पण एक सांगतो, तिथं थांबायलाच पाहिजे होतं. आमच्या हिला कळलं, त्या गिटारवाल्याला नाय कळलं." त्या दिवशी सरांकडे पाणी वाहताना ते दारोदार थांबून ही गोष्ट सांगत होते, आणि सांगताना त्यांची छाती फुगत होती. पुढच्या रविवारी शब्द पाळायचा म्हणून ते तोंडाला कुलूप लावून बसले. ते माने सरांनाच सोसवेना. मागे काय वाजलं ते सांगा की, म्हणून त्यांनीच हात जोडले.

बऱ्याच वर्षांनी वहिनी गेल्याचं कळलं तेव्हा मी नोकरीपायी पुण्यात होतो. जाऊन भेटलो. गल्लीत आता सगळ्या तीन-तीन मजल्यांच्या इमारती. टेप कधीच भंगारात गेलेला, कॅसेटला बुरशी लागलेली. रिवाइंडरावांना बरं वाटावं म्हणून मी मोबाइलवर तेच गाणं शोधून लावलं आणि त्यांच्या हातात दिलं. लगेच वाटलं, हे काय करून बसलो! यात तर ती जागाच नाही.

दुसरा अंतरा संपला. गिटार आलं, चढायला लागलं. आणि ऐन त्या जागेवर त्यांनी अंगठ्यानं गाणं थांबवलं. खोलीत श्वासाएवढी शांतता झाली. मग त्यांनी परत अंगठा टेकवला आणि गिटार तारांवर उतरलं.

"आता बरोबर हाय," रिवाइंडराव म्हणाले.