सूचनावहीतलं घर

देवीवरचा माझा विश्वास उडाला होता असं मी म्हणणार नाही, पण त्या आठवड्यात आमचं दोघींचं बोलणं बंद होतं. सकाळी दिवा लावायचे, हळदकुंकू वाहायचे आणि तोंडातून एक शब्दही न काढता स्वयंपाकघरात निघून जायचे. माझा स्वभावच तसा. माहेरी मला सगळे फटकळ म्हणत, आणि माणसांशी फटकळ असलेली बाई देवाशी गोड कशी बोलणार? कारणही तसंच होतं. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. ह्यांना बोईसरच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून ऐंशीच्या आसपास इकडे आलो आणि तारापूरच्या रस्त्यावर दोन खोल्यांत संसार मांडला. लहानपणीच्या तापानं ह्यांच्या हृदयाची झडप खराब झाली होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आधी जिना चढताना दम लागायचा, मग सपाट रस्त्यावरही लागायला लागला, आणि शेवटी मुंबईच्या मोठ्या सरकारी इस्पितळात भरती करावं लागलं. डॉक्टर तरुण होते, पण स्पष्ट बोलणारे. म्हणाले, "ऑपरेशन पुढच्या शुक्रवारी आहे. गुरुवारपर्यंत रक्त द्यायला सहा माणसं आणा. माणसं आली नाहीत तर तारीख पुढे जाईल, आणि पुढच्या तारखेपर्यंत हे काढतील असं मला वाटत नाही."

सहा माणसं! गावाकडे असते तर साठ उभी केली असती. इथे कोण होतं आमचं? भावाला तार केली, तर त्याच्या बायकोचे दिवस भरलेले, त्याला घर सोडता येईना. कारखान्यातले दोघे हो म्हणाले होते. त्यातला एक गावी गेला तो परतलाच नाही, आणि दुसऱ्याच्या बायकोनं "अंगातलं रक्त काढून देतात का कुणी?" म्हणून घर डोक्यावर घेतलं. आणखी कुणाला सांगायला माझी जीभ रेटेना. मी शेजारणीकडे कधी विरजणसुद्धा मागितलं नव्हतं. दूध नासलं तर नासू दे, पण कुणापुढे वाटी धरायची नाही, असला माझा ताठा. नंदाला, माझ्या नववीतल्या मुलीला, मी बजावून ठेवलं होतं, "शाळेत घरचं काही बोललीस तर याद राख." ती बिचारी मान हलवायची. रोज सकाळी गाडीनं मुंबईला जायचं, ह्यांच्या उशाशी बसून "माणसं येतायत हो, तुम्ही काळजी करू नका" असं धडधडीत खोटं बोलायचं आणि संध्याकाळी परत यायचं. असा शनिवार गेला, रविवार गेला.

नंदाची शाळा सिस्टरांची. तिथे कोळ्यांची मुलं होती, शेतकऱ्यांची होती, आमच्यासारख्या कारखान्यातल्या लोकांची होती, आणि ख्रिस्ती घरांतलीही होती. शाळेची एक जुनी रीत होती. दर सोमवारी प्रार्थना झाली की मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या सिस्टर, आठवड्याच्या सूचना वाचून दाखवायच्या. मुलांनी त्या सूचनावहीत उतरवून घ्यायच्या आणि घरून सही करून आणायची. त्यात परीक्षा, सहल, गणवेश हे असायचंच. पण शेवटी एकदोन ओळी निराळ्या असायच्या. एका घराचं छप्पर उडालं आहे, शाकारायला चार माणसं हवीत. पाम गावच्या एका आजीला दवाखान्यात न्यायला कुणाची गाडी मिळेल का? ज्यांना जमेल त्यांनी सहीखाली नाव आणि गाव लिहावं. घर कुणाचं, मूल कुठल्या वर्गातलं, ते मात्र कधीच सांगायचं नाही. मोठ्या सिस्टरांचा तो नियम पक्का होता. मदत करणाऱ्यालाही अगदी शेवटी, गरज असेल तेवढंच कळायचं. खरं सांगते, मला हे सगळं पटायचं नाही. लोकांच्या घरचं रडगाणं वहीत कशाला उतरवायचं, असं म्हणत मी भराभर सही करायचे. नाव आणि गाव मी एकदाही लिहिलं नव्हतं.

त्या सोमवारी संध्याकाळी इस्पितळातून आले तेव्हा पाय बधिर झाले होते. ह्यांच्या ओठांवर निळसर झाक आली होती, ती डोळ्यांपुढून हलेना. नंदानं चहा दिला आणि सूचनावही पुढे ठेवून भिंतीला टेकून उभी राहिली. मी वाचलं. "आपल्या शाळेतील एका पालकांचे मोठे ऑपरेशन आहे. मुंबईला जाऊन रक्त देऊ शकतील अशा सहा व्यक्तींची गरज आहे." वाचल्या वाचल्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हणजे आमच्यासारखंच आणखी एक घर आहे, आणि त्या घराला विचारणारं कुणीतरी आहे! त्यांच्यासाठी चारशे मुलं वहीत लिहून घेतात, आणि माझ्या नवऱ्यासाठी? वही भिरकावून द्यावी असं वाटलं. देवीच्या तसबिरीकडे बघून मनातल्या मनात म्हटलंसुद्धा, हा तुझा न्याय का गं?

आणि मग काय झालं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. वही हातातच होती. एकाएकी मला ती दुसरी बाई दिसायला लागली. कुठल्यातरी घरात माझ्यासारखीच चुलीपाशी बसली असेल, बोटांवर माणसं मोजत असेल, दिराला धरून, भावाला धरून, आणि तिचीही बोटं सहापर्यंत पोचत नसतील. तिचाही नवरा तिला विचारत असेल, माणसं आली का गं? आठवडाभर माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ते त्या अनोळखी बाईसाठी आलं. मी पेन मागितलं, सही केली, आणि खाली माझं नाव लिहिलं, गाव लिहिलं. नंदा एकदम पांढरीफटक पडली. "आई, तू कशाला गं लिहितेस?" म्हणाली. "गप बस," मी म्हटलं. मग उठून देवीपुढे उभी राहिले. आठ दिवसांनी तोंड उघडलं. "आमचं काय व्हायचं ते तू बघ. पण त्या बाईचा नवरा वाचव." एवढंच बोलले. त्याआधी आयुष्यभर जे काही मागितलं होतं, ते माझ्याच घरासाठी मागितलं होतं. त्या दिवशी मी जेवले आणि गाढ झोपले. काळजी तशीच होती, ती काही कमी झाली नव्हती. फक्त ती माझ्या एकटीच्या डोक्यावर आहे असं वाटत नव्हतं.

बुधवारी निरोप आला की नावं दिलेल्यांनी चार वाजता शाळेत यावं. इस्पितळातून लवकर निघून मी थेट शाळेत गेले. ऑफिसबाहेरच्या बाकांवर सहाजण बसले होते. शाळेचे कवायतीचे मास्तर, एक सुतार, पामचा एक शेतकरी, उत्तरेकडचा एक वेल्डर, आणि दर्यावरच्या गावातली हिराबाई तिच्या दिराबरोबर. हिराबाईला बघून मी वरमले. ती आमच्या गल्लीत मासे विकायला यायची आणि तिच्याशी माझी दोनदा चांगलीच जुंपली होती. तिची मुलगी ह्याच शाळेत आहे, हे मला ठाऊकही नव्हतं. मोठ्या सिस्टर बाहेर आल्या, हातातला कागद बघितला, आमच्याकडे बघितलं आणि माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाल्या, "नंदाच्या आई, तुम्ही इथे?"

"नाव दिलंय ना मी," मी म्हटलं.

त्यांनी कागदाची घडी केली. मग म्हणाल्या, "ही माणसं तुमच्याच घरासाठी आली आहेत."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं तेव्हा सगळं कळलं. शनिवारी अर्ध्या दिवसाच्या शाळेत नंदा वर्गात रडली होती, सिस्टरांनी जवळ घेऊन विचारलं होतं, आणि "आईला सांग" असंही बजावलं होतं. पण माझ्या भीतीनं पोरीनं मला न सांगता फक्त वही पुढे ठेवली होती. कृतज्ञता वगैरे काही वाटली नाही हो मला! आधी आला तो संताप. मला न विचारता? सगळ्या शाळेत? मी पदर खोचला आणि सरळ फाटकाकडे निघाले. मागून हिराबाईनं माझं मनगट धरलं. मासळी कापून कापून राठ झालेला तो हात सुटता सुटेना.

"कुठं चाललीस गो बाय?"

"सोडा मला. तुम्ही मला ओळखता तरी का?"

"वळखतं ना! बोंबील उलटंपालटं करून बघतेस नि मग भाव पाडून मागतेस, ती तूच. पन दर्यात होडी उलटली तर आमी कोनाची होडी हाय ते इचारत नाय. जो जवल असंल त्यानं दोर टाकायचा. आनि तू दोर धराला लाजतेस?"

सिस्टरही जवळ आल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत, उपदेशही केला नाही. म्हणाल्या, "त्या घराला मदत करीन म्हणून तुम्ही सही केलीत. आता घर आवडलं नाही म्हणून सही मागे घेणार का?"

मला हसू फुटलं आणि हसता हसताच रडू कोसळलं. तिथेच पायरीवर बसले. कधी नव्हे ते इतक्या माणसांसमोर मोठमोठ्यानं रडले, आणि कुणीही मला गप्प केलं नाही.

गुरुवारी पहाटेच्या गाडीनं आम्ही निघालो. सफाळे गेलं, वैतरणेचा पूल आला तशी हिराबाईनं खिडकीतून पाण्याला हात जोडले, मीही जोडले. तिनं जन्मात कधी सुई टोचून घेतली नव्हती. "बाटली केवडी असतं?" असं तिनं वेल्डरला चारदा विचारलं आणि तो चारही वेळा "छोटी है माई, बिलकुल छोटी" म्हणत राहिला. रक्तपेढीत मी हट्टानं सगळ्यांच्या पुढे उभी राहिले. मला वाटत होतं, निदान एक बाटली माझी असू दे, म्हणजे अगदीच फुकटचं घेतल्यासारखं होणार नाही. तिथल्या बाईंनी माझ्या बोटातून थेंब काढला आणि निळ्या पाण्यात सोडला. रक्त पुरेसं असलं की थेंब तळाला जातो, माझा वरच तरंगत राहिला. त्यांनी पुन्हा करून बघितलं. "ताई, तुमचंच रक्त कमी आहे. तुम्ही देऊ शकत नाही. जा, बाकावर बसा." मी गयावया केली, पण त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

मी बाकावर बसले. हात मांडीवर, रिकामे. एकेक करून सहाहीजण आत गेले आणि दंड दाबत बाहेर आले. त्यातल्या कुणालाही परत पाठवलं नाही. सात नावांतलं माझं गळलं आणि बरोबर सहा उरले. ह्याचा अर्थ काय लावायचा तो ज्यानं त्यानं लावावा, मी कुणाशी वाद घालणार नाही. मला एवढंच कळलं की देवाला नवस बोलून बोलून मी जन्मभर त्याच्याशी देवघेवच करत आले होते. मी इतकं देते, तू इतकं दे. त्या बाकावर द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं, रक्तसुद्धा नव्हतं, आणि तरी मला मिळत होतं. हिराबाई बाहेर आली ती जरा लटपटतच आली. मी तिला धरून शेजारी बसवलं. तिला मिळालेल्या बिस्किटांतलं अर्धं तिनं माझ्यापुढे केलं आणि मी ते मुकाट्यानं घेऊन खाल्लं.

शुक्रवारी ऑपरेशन झालं. संध्याकाळी डॉक्टरांनी बाहेर येऊन नुसती होकाराची मान डोलावली, आणि मला जमीन पायाखाली आहे असं वाटलं. हे त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. नंदाच्या लग्नात मांडवभर फिरून त्यांनी स्वतःच्या हातानं लोकांना वाढलं. आमच्या घरून सूचनावहीत नाव आणि गाव लिहिल्याशिवाय मग एकही सोमवार गेला नाही, पण त्याचं मोठेपण मी सांगणार नाही. सिस्टरांच्या त्या शाळेनं तेवढं तर मला शिकवायलाच हवं होतं.

सांगायची आहे ती शनिवारची सकाळ. ह्यांना शुद्ध आली होती. खोल गेलेल्या आवाजात त्यांनी विचारलं, "कुणाचं रक्त गं?" मला वाटलं, नीट विचारून यावं, म्हणजे जन्मभर त्या माणसाचे पाय धरता येतील. मी रक्तपेढीच्या खिडकीशी गेले. आमच्या सहाजणांतल्या कुणाकुणाच्या बाटल्या ह्यांना चढवल्या, असं तिथल्या कारकुनाला विचारलं. तो हसला. "अहो बाई, तसं नसतं. तुमच्या माणसांचं रक्त साठ्यात जमा झालं, ते आता दुसऱ्या कुणाला जाईल. तुमच्या पेशंटला आधीचं चढवलंय, त्याच्या गटाचं होतं ते."

"मग ते कुणी दिलेलं?"

"ते देवाला ठाऊक," तो रजिस्टरमधून डोकं वर न काढता म्हणाला.

मी तिथेच हात जोडले, डोळे मिटले. कुणापुढे जोडले ते मला माहीत नव्हतं, आणि विचारावंसंही वाटलं नाही. किती वेळ उभी होते कोण जाणे. शेवटी कारकुनानं खिडकीतून हात बाहेर काढून माझ्यापुढे हलवला आणि म्हणाला, "बाई, जरा बाजूला व्हा, मागे माणसं उभी आहेत."