ढिली वायर

परंड्यात कुणाचंही इंटरनेट अडलं की तो नेटवाला येतो. चपला उंबऱ्याबाहेर काढतो, आधी पाणी पितो, मग कॉम्प्युटरशी बोलतो. माणसांशी कमीच.

त्या सकाळी नातीच्या परीक्षेचं हॉलतिकीट डाउनलोड होता होता अडकलं आणि कुर्डुवाडीची बस अर्ध्या तासावर आली. नात रडकुंडीला आलेली. हा सावकाश पाणी पितोय. मला रागच आला.

मग त्यानं पडद्यावर यादी उघडली. तेच हॉलतिकीट बावीस वेळा मागवलेलं, सगळं एकमेकांत अडकलेलं. नात अंघोळीला गेली तेव्हा डाउनलोडचं बटण मीच दाबत बसले होते. नवी नवरी असताना मी भाताचं झाकण सारखं उघडायचे आणि भात कच्चा राहिला की चुलीला शिव्या द्यायचे. अक्कल अजून त्याच चुलीपाशी बसलीय.

त्यानं माझ्याकडं एकदाच पाहिलं. एक ठेवून बाकीची बंद केली. "चल बेटा," तो कॉम्प्युटरला म्हणाला. थोड्या वेळानं प्रिंटरमधून कागद सरकला.

"काय झालं होतं, काका?" नातीनं विचारलं.

"लई काही न्हाय. वायर ढिली होती."

नात बसकडं पळाली. चपला घालता घालता तो मला म्हणाला, "मावशी, त्या वायरीला आता हात लावू नका."